ओपन सोर्स फ्रेमवर्कवर स्वतःची लायब्ररी कशी उभी करायची

अ‍ॅप लिहिताना एखादं फ्रेमवर्क (ज्याच्यावर आपला कोड उभा राहतो असा तयार कोडचा सांगाडा) घेतलं आणि त्याने त्रास दिला तर तो त्रास तुमच्यापुरताच असतो, व्हर्जन पिन केलं, म्हणजे एकाच आकड्यावर पक्कं केलं, की विषय संपला. लायब्ररीचं, म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या प्रोजेक्टमध्ये वापरायच्या कोडचं, तसं नसतं. तुम्ही खाली जे काही घेता ते तुमची लायब्ररी इन्स्टॉल करणाऱ्या प्रत्येकाच्या प्रोजेक्टमध्ये जाऊन बसतं, तिथे आधीच ढीगभर पॅकेजेस असतात आणि त्यातल्या दोन-चार जणांना तेच फ्रेमवर्क हवं असतं पण दुसऱ्या व्हर्जनचं. म्हणून पुढचं सगळं एकाच गोष्टीभोवती आहे, की तयार फ्रेमवर्कचा फायदा तर पुरेपूर घ्यायचा पण त्याचं ओझं यूजरच्या डोक्यावर कमीत कमी टाकायचं. उदाहरणं बरीचशी पायथनची देतोय कारण रोजचं काम त्यातच चालतं, पण जावास्क्रिप्ट, जावा, कशातही हिशोब तोच आहे.

आधी नवीन लायब्ररी लागते का ते बघा

हे थोडक्यात सांगतो. तुम्हाला जे करायचंय ते फ्रेमवर्कच्या सेटिंगमध्ये, प्लगिनमध्ये किंवा त्यांच्या डॉक्समधल्या एखाद्या रेसिपीमध्ये असेल तर वेगळं पॅकेज काढू नका. त्यांच्या इश्यू ट्रॅकरवर बंद झालेले इश्यू पण वाचा, उघडे वाचून पुरत नाही, कारण "हे आम्ही मुद्दाम केलेलं नाही, कारण अमुक" अशी उत्तरं तिथेच सापडतात आणि ते कारण बहुतेकदा तुमच्या लायब्ररीलाही लागू पडतं.

उलटंही खरं आहे, दहा ओळींच्या कामासाठी डिपेंडन्सी (ज्याच्यावर आपला कोड अवलंबून राहतो असं दुसऱ्याचं पॅकेज) घेऊ नका. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या भांडारातून, लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि जगभरातले बिल्ड पडले, त्यातल्या कित्येकांना आपण ते वापरतोय हेच माहीत नव्हतं कारण ते कुठल्यातरी दुसऱ्या पॅकेजच्या पोटातून आलेलं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे ह्या जावाच्या लॉगिंग लायब्ररीतल्या सिक्युरिटी बगची भानगड झाली तेव्हाही बऱ्याच टीम्सचा पहिला वेळ हे आपल्याकडे नक्की कुठून आलंय हे शोधण्यातच गेला. तुमची लायब्ररी त्या साखळीतली एक कडी होणार आहे हे डोक्यात ठेवून प्रत्येक डिपेंडन्सी लिहा.

फ्रेमवर्क दाखवायचं की लपवायचं, हे पहिल्या दिवशी ठरवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि बहुतेक जण तो घेतच नाहीत, तो आपोआप होऊन जातो.

दोन प्रकार असतात. एकात यूजर त्या फ्रेमवर्कसाठीच तुमच्याकडे आलेला असतो. जँगो ह्या वेब फ्रेमवर्कसाठी एखादं अ‍ॅप, पायटेस्ट ह्या टेस्टिंग टूलचं प्लगिन, साय-किट लर्न ह्या मशीन लर्निंग लायब्ररीत बसणारा नवीन अल्गोरिदम. इथे फ्रेमवर्क लपवायचा प्रयत्न करणं म्हणजे यूजरला त्रास देणं, त्याला ते ओळखीचं आहे, त्याच्याच भाषेत बोला. त्या फ्रेमवर्कचे सगळे रीतिरिवाज तंतोतंत पाळा, तुम्हाला पटत नसले तरी पाळा.

साय-किट लर्नचं उदाहरण जरा जवळून बघू कारण त्यात लोक हमखास अडकतात. तिथे एस्टिमेटरच्या (डेटावरून शिकणाऱ्या क्लासच्या) कन्स्ट्रक्टरमध्ये आलेले पॅरामीटर त्याच नावाने नुसते साठवायचे असतात, तपासायचे नाहीत, बदलायचे नाहीत, यादीचं टपल वगैरे करायचं नाही. तपासणी काय ती फिट मेथडमध्ये. फिटने शेवटी सेल्फ परत द्यायचं आणि शिकून मिळालेल्या गोष्टींच्या नावाला शेवटी अंडरस्कोअर लावायचा. पहिल्यांदा वाचताना हे उगाच कडक वाटतं, पण ग्रिड सर्च (पॅरामीटरच्या वेगवेगळ्या किमती आजमावणारं त्यांचं टूल) आतमध्ये तुमच्या एस्टिमेटरच्या कॉप्या काढतो आणि त्या कॉप्या कन्स्ट्रक्टरचे पॅरामीटर वाचून बनतात, म्हणजे तुम्ही तिथे काही हातचलाखी केली की एकट्याने चालणारा तुमचा क्लास पाइपलाइनमध्ये टाकल्यावर पडतो. ह्यासाठी त्यांनी चेक एस्टिमेटर नावाचं फंक्शनच दिलेलं आहे, ते तुमच्या क्लासवर ढीगभर तपासण्या चालवतं. तुमच्या फ्रेमवर्कने असं काही दिलं असेल तर पहिली टेस्ट तीच लिहा, बाकीचं नंतर.

दुसरा प्रकार म्हणजे फ्रेमवर्क हे आतलं इंजिन आहे. समजा तुम्ही एखाद्या सर्व्हिसमधून डेटा आणणारा क्लायंट लिहिताय आणि आत रिक्वेस्ट्स (पायथनमधून वेबवर विनंत्या पाठवणारं पॅकेज) वापरलंय. यूजरला डेटा हवाय, तुम्ही आत काय वापरलंय ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मग तुमच्या फंक्शनने रिक्वेस्ट्सचा रिस्पॉन्स ऑब्जेक्ट बाहेर देऊ नये, स्वतःचा छोटा ऑब्जेक्ट द्यावा. एकदा का तो रिस्पॉन्स बाहेर गेला की लोक त्याचे हेडर, कुकी, सगळं वापरायला लागतात आणि उद्या असिंक, म्हणजे उत्तराची वाट बघत न थांबणारं, हवं म्हणून तुम्ही इंजिन बदलायला गेलात की सगळ्यांचा कोड तुटतो.

ह्यात एक अपवाद मी करतो. नम्पायचा अ‍ॅरे, पांडासचा डेटाफ्रेम, असल्या गोष्टी आता त्या क्षेत्राची बोलीच झाल्यात, त्या गुंडाळून स्वतःचा क्लास देण्यात काही हशील नाही, उलट लोक वैतागतात.

केरस ह्या डीप लर्निंग लायब्ररीची गोष्ट ह्या बाबतीत शिकण्यासारखी आहे. २०१५ मध्ये ते थिआनोवर, म्हणजे खालचं गणित करणाऱ्या इंजिनवर (बॅकएंडवर), उभं राहिलं, मग टेन्सरफ्लोचा बॅकएंड आला, २०१७ मध्ये थिआनोचं मोठं काम थांबत असल्याचं जाहीर झालं तरी केरस चालूच राहिलं, कारण बॅकएंडशी बोलणारा भाग वेगळा काढलेला होता, आणि २०२३ च्या शेवटी केरस ३ आलं ते टेन्सरफ्लो, जॅक्स आणि पायटॉर्च तिन्हींवर चालणारं. पण हे वाचून पहिल्याच आठवड्यात तीन बॅकएंडचा अ‍ॅबस्ट्रॅक्शन लेयर लिहायला बसू नका. एकच इंजिन असेल तर फक्त एवढं करा की त्याचे सगळे इम्पोर्ट एक-दोन फाइल्समध्येच राहतील, दुसरं इंजिन खरंच आलं की मग लेयर काढा, तेव्हा तो बरोबर आकाराचा निघतो.

निवडताना स्टार मोजू नका, चेंजलॉग वाचा

गिटहबवरचे स्टार लोकप्रियता सांगतात, ते फ्रेमवर्क तुमच्याशी कसं वागेल हे सांगत नाहीत. ते चेंजलॉगमध्ये, म्हणजे प्रत्येक व्हर्जनला काय बदललं त्या यादीत, दिसतं. मागच्या तीन-चार मोठ्या रिलीजचा चेंजलॉग उघडा आणि एखादी गोष्ट काढून टाकायच्या आधी किती दिवस वॉर्निंग दिली होती ते बघा. जँगोमध्ये फोर्स टेक्स्ट हे फंक्शन ३.० ला, म्हणजे डिसेंबर २०१९ ला डेप्रिकेट झालं (पुढे काढणार अशी सूचना लागली) आणि ४.० ला, डिसेंबर २०२१ मध्ये गेलं. दोन वर्षं होती! तरीही ४.० आल्यावर कितीतरी जँगो पॅकेजेस ह्याच एका इम्पोर्टवर पडली, तो दोष जँगोचा नव्हे. असं वेळापत्रक पाळणारं फ्रेमवर्क मिळालं की निम्मी काळजी मिटते. बाकी कमिट करणारे एकापेक्षा जास्त लोक आहेत का, सिक्युरिटीचा बग कुठे कळवायचा हे लिहिलंय का, एवढं बघितलं तरी चालतं.

आणि व्हर्जन ०.काहीतरी असेल तर सेमव्हरच्या, म्हणजे व्हर्जनचे आकडे कसे वाढवायचे ह्या ठरलेल्या पद्धतीच्या, नियमाप्रमाणे त्यांना कधीही काहीही बदलायची मुभा आहे हे लक्षात असू द्या.

लायसन्सचं मात्र वकिली वाटतं म्हणून सोडू नका. लायसन्स फाइलच नसलेला कोड सार्वजनिक दिसत असला तरी वापरायची परवानगी मिळालेली नसते. एमआयटी आणि बीएसडी ही लायसन्स सोपी, कॉपीराइटची सूचना तशीच ठेवायची. अपाचे २.० मध्ये पेटंटची परवानगी पण मिळते, नोटीस फाइल असली तर ती पुढे न्यावी लागते, आणि ते "फक्त जीपीएल २" अशी अट असलेल्या कोडबरोबर जुळत नाही, जीपीएल ३ बरोबर जुळतं. जीपीएलवर लायब्ररी उभी करून वाटली तर त्याच्या अटी (वाटताना सोर्स कोड त्याच लायसन्सखाली द्यायचा) तुमच्या यूजरच्या प्रोजेक्टपर्यंत पोचतात, आणि इथेच त्याचा निर्णय तुम्ही परस्पर घेऊन टाकता. पायक्यूटी जीपीएल किंवा पैसे देऊन व्यावसायिक लायसन्सवर मिळतं, पायसाइड एलजीपीएलवर (जीपीएलचं सैल रूप), दोन्ही क्यूटी ह्या विंडो-बटणं बनवायच्या फ्रेमवर्कच्याच वरचे, काम जवळजवळ सारखंच, पण तुमच्या लायब्ररीखाली कुठलं आहे त्यावर एखादी कंपनी ती वापरू शकते की नाही हे ठरतं. फ्रेमवर्कमधला कोड उचलून स्वतःच्या फाइलमध्ये टाकला असेल तर वरचा कॉपीराइट हेडर पुसू नका, तो ठेवा आणि आपण काय बदललं ते खाली लिहा.

पुढच्या दारानेच आत जा

फ्रेमवर्कची डॉक्युमेंट केलेली फंक्शन्स, हुक्स, बेस क्लासेस, सिग्नल्स, एंट्री पॉइंट्स, हे पुढचं दार. अंडरस्कोअरने सुरू होणारी नावं, डॉक्समध्ये नसलेली मॉड्यूल्स, रनटाइमला त्यांच्या फंक्शनच्या जागी आपलं फंक्शन चिकटवणं, हे खिडकीतून आत शिरणं. खिडकीतून पटकन जाता येतं पण ती खिडकी उद्या तिथे असेलच ह्याची कुणी हमी दिलेली नसते. मंकी पॅचिंग, म्हणजे हेच रनटाइमला फंक्शन चिकटवणं, लायब्ररीत तर अजिबात नको, कारण तुम्ही पॅच करता तेव्हा यूजरच्या प्रोसेसमधल्या बाकी सगळ्यांसाठी पण ते फ्रेमवर्क बदलतं आणि त्यांना पत्ताच नसतो.

दुसरा एक सापळा आहे जो खिडकी वाटत नाही पण असतो. आपल्या फ्रेमवर्कच्या खालचं फ्रेमवर्क. परत तोच क्लायंट घ्या, रिक्वेस्ट्सवर उभा केलेला. रिट्राय (फसलेली विनंती परत मारणं) हवं म्हणून तुम्ही सेशनवर अ‍ॅडॉप्टर माउंट केला, हे अगदी रीतसर आहे, पण त्या अ‍ॅडॉप्टरला जो रिट्राय ऑब्जेक्ट दिला तो येतो यूआरएललिब-थ्री ह्या रिक्वेस्ट्सच्या खालच्या पॅकेजमधून. त्यात कुठल्या एचटीटीपी मेथड परत मारायच्या हे सांगणाऱ्या आर्ग्युमेंटचं नाव आधी मेथड व्हाइटलिस्ट होतं, १.२६ मध्ये ते अलाउड मेथड्स झालं, जुनं नाव वॉर्निंगसह चालू राहिलं, आणि एप्रिल २०२३ च्या २.० मध्ये जुनं नाव गेलं. पुढच्याच महिन्यात रिक्वेस्ट्स २.३० आलं ज्याने यूआरएललिब-थ्री २ ला परवानगी दिली. म्हणजे ज्याने फक्त रिक्वेस्ट्सचं एक मायनर व्हर्जन (आकड्याचा दुसरा भाग) वाढवलं त्याच्याकडे खालचं मेजर व्हर्जन (पहिला भाग) बदललं, आणि जुनं नाव वापरणारा कोड टाइप एररने पडला. रिक्वेस्ट्सने स्वतःचं काहीच तोडलेलं नव्हतं.

ह्यातून करायचं काय, तर ज्या पॅकेजमधून तुम्ही थेट इम्पोर्ट करता ते स्वतःच्या डिपेंडन्सीमध्ये स्पष्ट लिहा, रेंजसकट, ते "तसंही रिक्वेस्ट्सबरोबर येतंच" म्हणून सोडू नका. आणि व्हर्जनप्रमाणे वेगळं वागावं लागतं असे सगळे फरक एका फाइलमध्ये ठेवा, तिला कॉम्पॅट म्हणा. डेटा तपासणाऱ्या पायडँटिक लायब्ररीचं व्हर्जन २ जून २०२३ मध्ये आलं, आतला गाभा रस्टमध्ये नव्याने लिहिलेला, बरीच नावं बदललेली, तेव्हा त्यावर उभ्या असलेल्या फास्टएपीआय ह्या वेब फ्रेमवर्कने जुलैमधल्या ०.१०० मध्ये पायडँटिक १ आणि २ दोन्ही चालवून दाखवले आणि त्यासाठी त्यांनी अशीच एक कॉम्पॅट फाइल ठेवली होती. ती उघडून बघण्यासारखी आहे. असली फाइल असली की जुनं व्हर्जन सोडायच्या दिवशी काय पुसायचं हे शोधावं लागत नाही.

खरंच एखादी आतली गोष्ट लागली तर? इश्यू उघडा, आपली केस नीट लिहा, हुक मागा. तोवर ती आतली गोष्ट वापरायचीच असेल तर कॉम्पॅटमध्येच वापरा आणि शेजारी त्या इश्यूची लिंक टाका.

व्हर्जनची रेंज

इथे लोकांची मतं टोकाची आहेत, माझं सांगतो. लायब्ररीत बरोबर-बरोबर (==) करून एकच व्हर्जन पिन करायचं नाही, कधीच नाही, लॉक फाइल (नेमकी व्हर्जन्स नोंदवणारी) असते ती तुमच्या डेव्हलपमेंटसाठी. खालची मर्यादा खरी लिहा, म्हणजे ज्या सर्वात जुन्या व्हर्जनवर टेस्ट खरोखर पास होतात ती. वरची मर्यादा शक्यतो घालू नका, पुढचं व्हर्जन तोडणार आहे हे नक्की कळलेलं असेल तेव्हाच घाला.

ह्याच्याविरुद्ध चांगलं उदाहरण आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. फ्लास्क ह्या वेब फ्रेमवर्कच्या २.२ ने त्याच्या खालच्या वर्कझॉइग पॅकेजला वरची मर्यादा घातली नव्हती, सप्टेंबर २०२३ च्या शेवटी वर्कझॉइग ३ आलं, त्यात यूआरएल कोट नावाचं फंक्शन गेलं आणि ज्यांनी फ्लास्क पिन केलं होतं पण वर्कझॉइग नाही त्यांची अ‍ॅप्स इम्पोर्टलाच पडली. त्रास झालाच. पण फरक बघा, मर्यादा नसताना तुटलं तर यूजर स्वतः एक ओळ लिहून खालचं व्हर्जन पिन करतो आणि पुढे जातो, तेच तुम्ही मर्यादा घालून ठेवली आणि दुसऱ्या लायब्ररीला नवं व्हर्जन हवं असलं तर पिप (पायथन पॅकेजेस इन्स्टॉल करणारं टूल) सरळ नाही म्हणतं आणि यूजरच्या हातात तुमच्या पुढच्या रिलीजची वाट बघण्यापलीकडे फारसं काही उरत नाही. जो त्रास यूजरला स्वतः सोडवता येतो तो परवडला.

जावास्क्रिप्टमध्ये हे अजून टोकदार होतं. रिअ‍ॅक्टवरची लायब्ररी लिहिताना रिअ‍ॅक्टला साध्या डिपेंडन्सीत टाकलं तर यूजरच्या बंडलमध्ये रिअ‍ॅक्टच्या दोन कॉप्या येऊ शकतात आणि मग तो प्रसिद्ध इनव्हॅलिड हुक कॉलचा एरर येतो ज्याचं कारण कोडमध्ये शोधून सापडत नाही. अशा वेळी पीअर डिपेंडन्सी वापरायची, म्हणजे कॉपी यूजरची, तुम्ही फक्त कुठली चालते ते सांगायचं.

सगळ्यांना लागत नाही ते एक्स्ट्राजमध्ये, म्हणजे ऐच्छिक डिपेंडन्सीच्या यादीत, टाका, प्लॉटिंग हवं असेल त्याने प्लॉटिंगवालं इन्स्टॉल करावं, बाकीच्यांवर कशाला.

एरर आणि लॉग

इंजिन लपवायचं ठरवलं असेल तर त्याचे एक्सेप्शनही लपवायला हवेत, हे बरेच जण विसरतात. रिक्वेस्ट्स हेच करतं, खाली यूआरएललिब-थ्रीचा एरर आला की तो पकडून स्वतःचा कनेक्शन एरर देतं आणि त्याचे जवळजवळ सगळे एरर एकाच रिक्वेस्ट एक्सेप्शनखाली येतात, म्हणून एक्सेप्ट एकदा लिहिलं की झालं. तुम्हीही एक बेस एक्सेप्शन ठेवा, बाकीचे त्याखाली, आणि रेज करताना फ्रॉम लावून मूळ एरर साखळीत राहू द्या नाहीतर डीबग करणाऱ्याचे हाल होतात.

लॉगिंगमध्ये लायब्ररीने स्वतःच्या नावाचा लॉगर घ्यायचा, त्याला नल हँडलर (कुठेच काही न लिहिणारा) लावायचा आणि गप्प बसायचं. बेसिक कॉन्फिग (सगळ्या प्रोग्रामचं लॉगिंग ठरवणारं फंक्शन) लायब्ररीतून बोलावू नका, लॉग कुठे जावेत हे अ‍ॅपने ठरवायचं असतं.

टेस्ट कशावर चालवायच्या

फ्रेमवर्क बरोबर चालतं का ह्याच्या टेस्ट तुम्ही लिहायच्या नाहीत, त्या त्यांच्याकडे आहेत. तुमचं त्यांच्याशी जिथे सांधलंय त्या सांध्याच्या लिहा, आणि तिथे मॉक (खऱ्या फ्रेमवर्कच्या जागी ठेवलेली नकली वस्तू) कमी वापरा, कारण मॉक तुमच्या समजुतीप्रमाणे वागतो, फ्रेमवर्क बदललं तरी तो बदलत नाही आणि टेस्ट हिरव्याच राहतात.

सीआयमध्ये, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेत, निदान तीन वाटा ठेवा. एक, तुम्ही लिहिलेल्या सर्वात जुन्या व्हर्जनवर, यूव्ही ह्या पॅकेज टूलमध्ये लोएस्ट-डायरेक्ट नावाचं रिझोल्यूशन आहे ते नेमकं हेच करतं, आणि पहिल्यांदा चालवल्यावर खालची मर्यादा खोटी होती हे हमखास कळतं. दुसरी, सध्याच्या ताज्या व्हर्जनवर. तिसरी, प्री-रिलीजवर, ही आठवड्यातून एकदा आपोआप चालू दे, लाल झाली तरी पुल रिक्वेस्ट अडवू नये, फक्त तुम्हाला मेल यावा. नम्पाय २.० जून २०२४ ला आलं, २००६ नंतरचं पहिलं मेजर, पण त्याचे बीटा आणि रिलीज कँडिडेट काही महिने आधीच बाहेर होते, ज्यांच्याकडे ही तिसरी वाट होती त्यांना शांतपणे तयारी करता आली.

शिवाय पायटेस्टमध्ये वॉर्निंगना एरर करा. पायथन डेप्रिकेशन वॉर्निंग बहुतेक वेळा दाखवतच नाही, त्यामुळे ती दोन वर्षं येत राहते आणि कुणाला दिसत नाही, फोर्स टेक्स्टचं तेच झालं. तिसऱ्याच कुणाची तरी वॉर्निंग असेल तर तेवढीच नावानिशी गाळा, सगळ्या बंद करू नका.

वरच्यांशी संबंध

फ्रेमवर्कमध्ये बग सापडला तर तुमच्या लायब्ररीत त्याला वळसा घालून गप्प बसू नका. वळसा घाला, रिलीज अडवू नका, पण सोबत त्यांच्याकडे कळवा, आणि कळवताना तुमची लायब्ररी मध्ये न आणता नुसत्या फ्रेमवर्कवर तो बग दाखवणारा छोटा कोड द्या. बहुतेक मेंटेनर हे काम आपल्या मोकळ्या वेळात करतात, त्यांना तुमच्या हजार ओळी वाचायला लावणं बरं नाही. पॅच पाठवायचा तर त्यांची कॉन्ट्रिब्युटिंग फाइल आधी वाचा, एक पॅच एक गोष्ट, सोबत टेस्ट.

फोर्क करणं, म्हणजे त्यांच्या कोडची कॉपी काढून ती स्वतः वेगळी चालवणं, ही शेवटची गोष्ट. फोर्क केल्याच्या दिवसापासून त्यांची प्रत्येक सिक्युरिटी फिक्स तुम्हाला हाताने आणावी लागते, आणि तुमच्या यूजरना आपण जुना भोक असलेला कोड चालवतोय हे कुठलं ऑडिट टूलही सांगत नाही कारण नाव बदललेलं असतं. वेंडरिंगचं, म्हणजे त्यांचा कोड आपल्या पॅकेजमध्ये भरून देण्याचंही जवळपास तसंच. पिप स्वतः रिक्वेस्ट्स वेंडर करतं पण त्यांच्याकडे पक्कं कारण आहे, पॅकेज इन्स्टॉल करणाऱ्या टूललाच चालायला आधी दुसरी पॅकेजेस लागली तर कसं होणार. तुमच्याकडे तितकं पक्कं कारण असेल तरच करा.

फ्रेमवर्कचं नवं मेजर व्हर्जन आलं की

आधी तिसरी वाट हिरवी आहे का बघा. नसेल तर मायग्रेशन गाइड उघडून फरक कॉम्पॅटमध्ये घाला आणि जुनं-नवं दोन्ही चालवणारं एक रिलीज काढा, हे रिलीज फार महत्त्वाचं आहे, कारण यूजरला आधी तुमची लायब्ररी आणि मग निवांत फ्रेमवर्क अशी एकेक पायरी चढता येते, दोन्ही एकाच दिवशी बदलायची वेळ येत नाही. जुनं व्हर्जन पुढच्या कुठल्या रिलीजमध्ये सोडणार ते चेंजलॉगमध्ये तेव्हाच लिहून टाका. आणि सोडताना तुमचा स्वतःचा आकडा कुठला वाढवायचा हे सुरुवातीच्या निर्णयावर ठरतं, फ्रेमवर्क लपवलेलं असेल तर मायनर पुरतं, त्याचे क्लासेस तुमच्या फंक्शन्समधून बाहेर जात असतील तर तुमचंही मेजर वाढवा.